बेटरमेंट कुणाच्या मते?

आमच्या दाजींची निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला चार एकर द्राक्षबाग आहे. इंग्रजीशी त्यांचा संबंध औषधांच्या डब्यांवरच्या लेबलांपुरता. पण २०२५च्या पावसाळ्यात 'बेटरमेंट' हा शब्द त्यांच्या तोंडी असा काही बसला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं हे राज्याच्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलमध्येच कामाला आहेत. "पहिल्या राउंडला पहिलं ऑप्शन लागलं. आपल्याला बेटरमेंटची गरजच नाही राहिली," असं ते बांधावर भेटेल त्याला सांगत होते. पोरीला नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एआय-डीएसला (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्सला) जागा लागली होती. पेढे वाटून झाले होते. चौथ्या दिवशी पोरगी बसने एकटी नाशिकला आली, माझ्या दारात चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, तू पप्पांशी बोल ना. मला गणितात बीएस्सी करायचीय."

मी बावीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतोय. दरवर्षी निरोप समारंभात मुलांना सांगतो, की आवडेल ते शिका. आणि घरातली पोरगी तेच सांगायला आली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "अगं, लोक त्या सीटसाठी रडतायत."

त्या वाक्याची लाज वाटायला मला दोन दिवस लागले.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेज सुरू होण्याआधी अभ्यासक्रम बदलणं हा मुलांच्या हातातला सगळ्यात स्वस्त निर्णय असतो. वर्ष गेलेलं नसतं, वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष अडकणं) लागलेली नसते, कर्जाचा पहिला हप्ता सुटलेला नसतो. आणि आपली प्रवेशव्यवस्था व आपली घरं मिळून नेमका हाच निर्णय सगळ्यात अवघड करून ठेवतात. वरच्या कटऑफकडे सरकायचं असेल तर त्याला बेटरमेंट म्हणतात. त्यासाठी फेऱ्या आहेत, मुदती आहेत, वेबसाइटवर बटण आहे. बाजूला सरकायचं असेल तर त्या कृतीला साधा शब्दसुद्धा नाही. 'कॅन्सल करणं' एवढंच आहे, आणि ते ऐकताना लग्न मोडल्यासारखं वाटतं.

ज्यांच्या घरात अजून बारावीचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनिअरिंगला प्रवेश हवा असेल तर सीईटी द्यायची, पर्सेंटाइल येतं, मग ऑनलाइन ऑप्शन फॉर्म भरायचा. कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच, कोणत्या क्रमाने हवी, असे तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. त्याला सरकारी भाषेत पसंतीक्रम म्हणतात. मग कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या होतात. २०२५पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले: पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीज, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तर फ्रीज, तिसरीत पहिल्या सहापैकी. फ्रीज झालं, की ती जागा घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

हा नियम का आला ते मला कळतं. जागा अडवून बसायची, शेवटपर्यंत वरचं काही मिळतंय का बघायचं, आणि शेवटी दोन्हीकडून निघून जायचं, असा खेळ बरीच वर्षं चालला. त्यात मागच्या मुलांचं नुकसान होतं. तेव्हा सरकार म्हणालं, पहिली पसंती तूच लिहिलीस ना, मग ती मिळाल्यावर कुरकुर कसली? म्हणणं चोख आहे. फक्त त्यात एक गृहीत आहे, की पहिली पसंती मुलाने लिहिलेली असते.

आमच्या भाचीचा फॉर्म कुणी भरला? पिंपळगावच्या एका ऑनलाइन सेंटरवाल्या दादाने. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडून त्याने वरून खाली पर्याय टाकले. मोबाइल नंबर दाजींचा, म्हणून ओटीपी दाजींच्या फोनवर. पासवर्ड दादाच्या वहीत. पोरगी शेजारी खुर्चीवर बसली होती आणि तिला दोनदा विचारलं गेलं: एकदा जन्मतारीख, एकदा आईचं माहेरचं आडनाव. हे सगळं प्रेमापोटी झालं, यात कुणी खलनायक नाही. दादाने फॉर्म बिनचूक भरला. कागदपत्रं एकही परत आली नाहीत. असा दादा गावाला लाभणं हे भाग्यच. पण तो पसंतीक्रम नव्हता, कटऑफक्रम होता. नाहीतरी तीनशे आवडी असतात कुणाला? मला माझ्या आयुष्यात आवडलेल्या गोष्टी मोजायला सांगितल्या तर वीसच्या पुढे गाडी जाणार नाही.

कटऑफ ही बाजारभावासारखी गोष्ट आहे. लासलगावला कांद्याचा भाव चढला म्हणजे कांद्याची चव वाढली असं कुणी म्हणत नाही. पण कॉम्प्युटरचा कटऑफ चढला की ती ब्रँच 'चांगली' होते आणि मेकॅनिकल 'पडते'. ही गंमत नाशिकमध्ये तर फारच बघण्यासारखी आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत या शहराची चूल यंत्रांवर पेटलेली. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४पासून, तिथे विमानं बनली. सिन्नरला पुन्हा कारखानेच. ज्यांच्या वडिलांनी लेथवर, प्रेसवर, टूलरूममध्ये आयुष्य काढून गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, त्यांच्याच घरात मेकॅनिकलचं नाव काढलं तर शांतता पसरते. माझा एक विद्यार्थी होता. वर्गात फॅन बंद पडला तर शिपायाच्या आधी हा स्टुलावर. मोटरसायकलचं इंजिन उतरवून पुन्हा चढवलेला मुलगा. त्याला ऐंशीच्या वर पर्सेंटाइल आलं आणि एका कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. तिसऱ्या फेरीनंतर तो मला भेटला होता. "सर, मेकॅनिकलला जागा रिकाम्या आहेत. बदलू का?" मी काय म्हणालो ते लिहायला हात जड होतो. मी म्हणालो, "घरच्यांना विचार." घरचे काय म्हणणार हे मला माहीत होतं. मी शहाण्यासारखा बोललो आणि सुटलो.

तो पहिल्या वर्षी पास झाला, दुसऱ्या वर्षी चार विषयांत अडकला, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) तीन वेळा दिला, एक वर्ष पूर्ण बसला. सहा वर्षांत पदवी. आज अंबडला एका कारखान्यात आहे. काम काय, तर मेंटेनन्स. म्हणजे शेवटी पाना हातात आलाच, फक्त मधली सहा वर्षं आणि बापाची एफडी गेली. ज्या आठवड्यात तो मला विचारत होता, त्या आठवड्यात बदलाची किंमत होती एक अर्ज आणि हजार रुपये.

हजार रुपयांचं सांगतो, कारण या बाबतीत लोकांच्या डोक्यात उगाच भीती असते. कॅपमधून घेतलेला प्रवेश ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळते. तारीख उलटली की अनामत तेवढी हाती येते. बीए, बीएस्सीसारख्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांसाठी यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) फी परताव्याचं धोरण २०१८पासून आहे, आणि २०२४ला तर यूजीसीने सांगितलं, की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत सोडला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापा. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यात आहे. कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात माझ्या चुलतभावाच्या मुलाची एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, सोडवायला मी एका कॉलेजात (नाव कशाला घेऊ) आठ दिवस खेटे घातले. पहिल्या दिवशी साहेब रजेवर, दुसऱ्या दिवशी शिक्का साहेबांच्या कपाटात, तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली साहेबांकडे. पाचव्या दिवशी मी यूजीसीचं परिपत्रक प्रिंट काढून टेबलावर ठेवलं, तर बाई म्हणाल्या, "हे आमच्याकडे पण आहे." आठव्या दिवशी मिळाली. तोवर दुसरीकडची तारीख जवळजवळ गेली होती. पैशांपेक्षा दिवसांत जास्त मरण आहे.

आणि दिवसांचाच प्रश्न मोठा आहे. २०२५ला बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. अनुदानित कॉलेजांतल्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या याद्या त्यानंतर जून-जुलैत लागून गेल्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या कॅप फेरीचं जागावाटप व्हायला मात्र जुलै संपत आला. आता विचार करा. एखाद्या मुलीला जागा लागल्यावर, म्हणजे चार वर्षं आपण नक्की काय करणार हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर वाटलं, की हे नको, तर ती ऑगस्टात जाणार कुठे? कॉलेज रोडला १९२४पासूनचं एचपीटी आहे, गंगापूर रोडला केटीएचएम आहे, शहरात आणखीही आहेत. पण ऑगस्टात अनुदानित तुकड्या कुठेही भरलेल्याच असतात. उरतात त्या विनाअनुदानित. तिथे फी काही पट. विषय आवडीचा आहे म्हणून दंड भरा, असं कुणी म्हणत नाही, पण वेळापत्रक तेच म्हणतं. प्रत्येक प्रवेशप्रक्रिया आपापल्या रुळावर धावते: इंजिनिअरिंगची वेगळी, फार्मसीची वेगळी, कृषीची वेगळी, पाच वर्षांच्या लॉची वेगळी, आता बीबीए-बीसीएचीही सीईटी वेगळी, आणि साधी पदवी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर. एका रुळावरून दुसऱ्यावर जायला सांधा कुठेच ठेवलेला नाही. नाशिकरोड स्टेशनच्या यार्डातसुद्धा यापेक्षा जास्त सांधे आहेत.

दाजींशी बोलायला मी रविवारी पिंपळगावला गेलो. त्यांचा मुद्दा मला वाटला होता त्याहून भक्कम निघाला. "मुलींची फी सरकारने माफ केलीय ना?" ते म्हणाले. खरं आहे. २०२४च्या जुलैत शासन निर्णय निघाला. ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. "मग इंजिनिअरिंग फुकटात पडतंय आणि तुमच्या त्या विनाअनुदानित बीएस्सीला मी खिशातून भरू? आणि पुढे काय, मास्तरकी?" शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघूनच म्हटलं. ताईने जीभ चावली. मी चहा प्यायलो.

निर्णय चांगलाच आहे. माझ्या वर्गातल्या किती मुली त्याच्यामुळे इंजिनिअरिंगला गेल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यांच्या बापांनी आधी 'लग्नाला पैसे ठेवायचेत' म्हटलेलंही ऐकलंय. पण 'व्यावसायिक' या एका शब्दाने घरातला तराजू झुकतो, हेही नाकारता येत नाही. गणित शिकणं हा व्यवसाय नाही म्हणून त्याला ही माफी नाही. आणि एआय-डीएसमध्ये जे शिकवतात ते कशावर उभं आहे? लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स. विटेला जीएसटी आणि इमारतीला सूट, असा हा प्रकार.

दाजींना 'सुरक्षित' काहीतरी हवं आहे, यात त्यांचं चुकलं कुठे? द्राक्षाच्या माणसाला बेभरवशाचं वेगळं सांगावं लागत नाही. फळछाटणीनंतर एक अवकाळी पाऊस, की वर्ष गेलं. त्याला पोरीच्या आयुष्यात तरी गारपीट नको असते. मध्यमवर्गीय लेखक (मीही त्यातलाच) 'मुलांना उडू द्या' वगैरे लिहितात तेव्हा या भीतीचा हिशेब करत नाहीत. ज्या घरात एकच संधी परवडते, त्या घराला 'चूक करून बघ' सांगणं हा उद्धटपणा आहे. पण म्हणूनच बदल सुरुवातीच्या आधी हवा. एकच डाव परवडणाऱ्यानेच तो टाकण्याआधी पत्ते पुन्हा बघायला हवेत. श्रीमंताचं पोर दुसऱ्या वर्षी सोडून मॅनेजमेंट कोट्यातून तिसरीकडे जाऊ शकतं. निफाड तालुक्यातलं नाही.

एक आक्षेप वजनदार आहे: अठरा वर्षांच्या मुलाला कळतं काय? आज गणित, उद्या गिटार. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मुलं मित्रांच्या मागे जातात. मागे एका मुलाने फार्मसीची पक्की जागा सोडून शेवटच्या फेरीत कुठल्यातरी लांबच्या कॉलेजात आयटी घेतलं, कारण त्याचे तीन मित्र तिथे चालले होते. दिवाळीपर्यंत त्या तिघांचं आपसांत भांडण झालं आणि हा होस्टेलवर एकटा. असे बदल होतात आणि ते मूर्खपणाचे असतात. माझी फूटपट्टी साधी आहे. मूल कशापासून पळतंय आणि कशाकडे जातंय, हे दोन्ही त्याला सांगता आलं पाहिजे. नुसतं 'ते नको' असेल तर थांबवावं, दोन आठवडे तरी. पण जे मूल म्हणतं, की मला हे हवंय, आणि ते शिकताना रोज काय करावं लागतं ते मी विचारून आलोय, त्याला अक्कल नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही. अठराव्या वर्षी आपण त्याला मत द्यायला लावतो. आणि खरं म्हणजे, अठराव्या वर्षी कळत नसेल तर सतराव्या वर्षी भरलेल्या फॉर्मवर आपण इतका विश्वास कसा ठेवतो?

दुसरा आक्षेप जागा वाया जाण्याचा. इथे माझं मत ठाम आहे. वेळेत सोडलेली जागा वाया जात नाही, ती पुढच्या फेरीत कुणालातरी मिळते. वाया जाते ती दुसऱ्या वर्षात बॅग भरून निघालेल्याची. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांवरसुद्धा डिप्लोमावाली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात. सामनगाव रोडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून निघालेल्या कितीतरी पोरांना ती वाट लागते. मेडिकलचं मात्र मी वेगळं धरतो. एमबीबीएसच्या जागा मोजक्या, एकेका जागेमागे कितीतरी मुलं. तिथे शेवटच्या फेरीनंतर सोडणाऱ्याला दंड लावला तर मी तक्रार करणार नाही. राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून इथे, दिंडोरी रोडवर आहे. त्या जागांची किंमत नाशिककरांना वेगळी सांगायला नको. पण तोच मेडिकलचा कठोरपणा सगळीकडे लावायचा, जिथे दरवर्षी जागा रिकाम्या पडतात तिथेही, याला काही अर्थ नाही.

मला कुणी म्हणतं, आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय, बदलायची गरजच काय? मेजर म्हणजे मुख्य विषय घ्या, मायनर म्हणजे जोडविषय घ्या, मिळवलेले क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) बँकेत ठेवा. धोरण २०२०चं, क्रेडिट बँक २०२१ची, आणि आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत हे सगळं २०२४-२५पासून आलं. कागदावर एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन. चांगलं आहे. पण मजा बघा: वर्ष घालवून बाहेर पडणाऱ्यासाठी दार केलं, दोन वर्षं घालवणाऱ्यासाठी दार केलं, आणि एकही दिवस न घालवता वळू पाहणाऱ्यासाठी फटसुद्धा नाही. शिवाय मायनर म्हणजे काय, तर वेळापत्रकात दुपारी कोणते सर मोकळे आहेत त्यावर ठरणारी गोष्ट. मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात कदाचित खरी निवड असेल. तालुक्याच्या कॉलेजात दोन विषय असतात आणि त्यातला एक शिक्षक निवृत्त झालेला असतो.

मग काय करायचं? मोठं काही नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना ओळख करून देणारा, कार्यक्रम सांगितलेला आहे. यूजीसीनेही २०१९ला 'दीक्षारंभ' नावाने तेच सगळ्यांसाठी सांगितलं. हे तीन आठवडे आज कसे जातात? दीपप्रज्वलन, एका उद्योजकाचं भाषण, योग, वृक्षारोपणाचा फोटो. माझं म्हणणं, याच तीन आठवड्यांत त्या ब्रँचचा खरा अभ्यास दाखवा. तिसऱ्या सत्राचा पेपर समोर ठेवा. चौथ्या वर्षाच्या मुलांना बोलवा आणि प्राध्यापकांनी वर्गाबाहेर जावं. आणि प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख या तीन आठवड्यांच्या नंतर ठेवा, आधी नाही. आज शेवटच्या फेरीतून येणारं मूल तर इंडक्शन संपल्यावरच वर्गात पोचतं, त्याला ना दीक्षा ना आरंभ.

आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, ज्याच्याशी आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं जोडलेली आहेत, एवढं करावं: कॅप संपल्यावर एक आठवडा बदलासाठी. त्या आठवड्यात अनुदानित तुकड्यांतल्या सुटलेल्या जागांची एकच यादी जिल्हावार लावायची. कारण जागा सुटतातच. बीएस्सीला बसलेली मुलं ऑगस्टात फार्मसीला, नर्सिंगला, इंजिनिअरिंगला निघून जातात. पण त्या सुटलेल्या जागा आज कुणाला कळतात? ज्याचा मामा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो त्याला. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण ते खरं आहे.

याच शहरात, गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं आहे. ज्यांना एकदा वाट चुकली किंवा मिळालीच नाही, त्यांच्यासाठी उभं केलेलं. पोलिसातले लोक, अंगणवाडी सेविका, कारखान्यातले कामगार तिथून पदवी घेतात आणि आपण त्यांचं कौतुक करतो. पन्नाशीत दुसरी वाट धरणाऱ्याचा सत्कार होतो. अठराव्या वर्षी धरणाऱ्याला मात्र मामा म्हणतो, लोक त्या सीटसाठी रडतायत.

पिंपळगावला त्या रविवारी माझा काहीच उपयोग झाला नाही. यूजीसी, कॅप, परतावा, सगळं सांगून झालं, दाजी ऐकून घेत होते, म्हणजे ऐकत नव्हते. मग आम्ही बागेत गेलो. खालच्या तुकड्यात त्यांनी फेब्रुवारीत जंगली लावली होती, म्हणजे ज्यावर नंतर हव्या त्या द्राक्षाचं कलम भरतात ते डॉगरिजचे खुंट, आता काठ्यांना बांधलेले, छातीएवढे. पोरगी मागून आली. म्हणाली, "पप्पा, यावर कोणतं कलम भरणार?"

"बघू ना. सप्टेंबरला अवकाश आहे. थॉमसन म्हणत होतो, पण त्याला भाव कुठाय. क्रिमसन भरावं का ते विचारतोय लोकांना."

"लावताना थॉमसनच ठरलं होतं ना?"

"मग? जंगली लावली म्हणजे झालं का? कलम भरेपर्यंत माणूस चार ठिकाणी…" एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला शिकवून आणलंय. आईशप्पथ नव्हतं.

लगेच हो म्हणाले नाहीत. आठ दिवस गेले, ताईने एक दिवस जेवण सोडलं, सेंटरवाल्या दादाने 'एवढा चांगला फॉर्म भरला होता' म्हणून हळहळ केली. शेवटी मुदतीच्या दोन दिवस आधी प्रवेश रद्द झाला, दाजींच्याच फोनवरच्या ओटीपीने. बीएस्सीला अनुदानित तुकडी मिळाली नाही. विनाअनुदानितची फी दाजींनी भरली, पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ते हजार रुपये कापले, ते कुणाला जातात हो?" मी म्हटलं, बघून सांगतो.

तिने सोडलेली जागा पुढच्या फेरीत भरली असणार. कटऑफच्या यादीत मी शोधली. त्या कॉलेजापुढे, त्या ब्रँचपुढे फक्त एक मेरिट क्रमांक होता आणि कंसात पर्सेंटाइल, पहिल्या फेरीपेक्षा थोडंसं खाली.